मोटारीवर ठेवलेला मोबाइल

इंडक्शन मोटारची ‘स्लिप’ शिकवताना फळ्यावर सूत्र येते, विद्यार्थी ते वहीत उतरवतात आणि पुन्हा बाकाखाली मोबाइल चाळू लागतात. हाच मोबाइल चालू मोटारीच्या कवचावर पट्ट्याने घट्ट बसवला तर?

स्क्रीन आडवी धरली की चित्र फिरते, ते फोनमधल्या त्वरणमापकामुळे. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या या चिपमध्ये सिलिकॉनचा सूक्ष्म ठोकळा स्प्रिंगांवर तोललेला असतो. तो हलला की विद्युतधारिता बदलते आणि फोनला कंपन कळते. जर्मनीतील आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने २०१६ मध्ये आणलेले ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप या नोंदींचा आलेख काढून देते.

चार पोलच्या मोटारीने ५० हर्ट्झ विजेवर मिनिटाला १५०० फेरे, म्हणजे सेकंदाला २५, घ्यावेत असे सूत्र सांगते. पूर्ण भार दिला की फेरे १४४० च्या आसपास येतात आणि आलेखातले शिखर २५ वरून २४ हर्ट्झकडे सरकते. तो एक हर्ट्झ म्हणजेच स्लिप. परीक्षेपुरता पाठ केलेला चार टक्क्यांचा आकडा असा समोर सरकताना दिसला, की मागच्या बाकावरचेही पुढे येतात.

फोन चुकतो, तेव्हा तर अधिक शिकायला मिळते. सेकंदाला १०० नोंदी घेणारा फोन ५० हर्ट्झच्या वरचे कंपन खरे दाखवू शकत नाही; ६० हर्ट्झचे कंपन त्याच्या आलेखात ४० वर उमटू शकते. असे का, हा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः विचारला की सिग्नल प्रोसेसिंगचे निम्मे काम झालेच.

मात्र फोन हातात आला की व्हॉट्सॲपही आलेच. कॅनडातील २०१३ च्या एका अभ्यासात वर्गात लॅपटॉपवर भलतीच कामे करणाऱ्यांचे गुण तर घटलेच, पण त्यांचा पडदा नजरेस पडणाऱ्या शेजाऱ्यांचेही घटले. म्हणून चौघांत एकच फोन, तोही विमान मोडवर आणि प्रयोगापुरताच, हे बरे. फोन जुना असल्यास उत्तम: मोटारसायकलच्या जोरदार कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यावर परिणाम होऊ शकतो, असा इशारा ॲपलनेच २०२१ मध्ये दिला होता. आणि पट्टा बांधायचा तो मोटार बंद असताना, फिरत्या दांड्यापासून दूर.