मधल्या सुटींतलें जग

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलनें तळेगांवास उतरून नवलाख उंबऱ्याच्या वाटेस लागलें, म्हणजे मावळाचीं दोन रूपें एकाच वेळीं दृष्टीस पडतात. एका बाजूस भाताचीं खाचरें आणि त्यांपलीकडे डोंगराची निळसर ओळ; दुसऱ्या बाजूस औद्योगिक वसाहतीचे रुंद रस्ते, कारखान्यांच्या लांबलचक भिंती आणि फाटकांवर परदेशी नांवांच्या पाट्या. या परिसरांतील एका महाविद्यालयांतून गेल्या वर्षीं मला बोलावणें आलें. बोलावणें मोठें चमत्कारिक होतें. सायंकाळची सभा नाहीं, स्नेहसंमेलन नाहीं. दुपारच्या मधल्या सुटींत, मुलें डबे खात असतांना, वीस मिनिटें बोलावयाचें आणि उरलेल्या वेळांत मुलांनीं विचारावयाचें. विषय जगांतील कोणताही चालेल, मात्र परीक्षेंतला नको!

खरें सांगावयाचें तर मला हें प्रथम रुचलें नाहीं. व्याख्यान म्हटलें कीं आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढें सतरंजी, टेबलावरील तांब्याभांडें आणि पाहुण्यांची ओळख करून देतांना स्वतःच पाऊण तास बोलणारे अध्यक्ष उभे राहतात. न्यायमूर्ति रानड्यांनीं १८७५ सालीं पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हांपासून आपल्या मध्यमवर्गाचें निम्में शिक्षण अशा सभांतून झालें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. परंतु हल्लीं या सभांकडे पाहावें तों बहुतेक श्रोते पांढऱ्या केसांचे! तरुण मंडळी येत नाहींत म्हणून आपण कुरकुर करतों; पण सायंकाळीं साडेसहास त्यांतलीं कितीएक मुलें एस. टी.च्या थांब्यावर उभीं असतात, कित्येक कामावर निघालेलीं असतात, आणि मुलींना अंधार पडण्यापूर्वीं घर गांठावयाचें असतें, हें आपल्या ध्यानांत येत नाहीं. दुपारची सुटी हीच काय ती त्यांची स्वतःची वेळ.

मीं बरोबर नेलेलें टिपण फ्लॉरेन्स नगरींतील चित्रकारांविषयीं होतें. दहा मिनिटें बोललों. मुलें सभ्य होतीं. चमच्यांचे आवाज शक्य तितके हळू करीत होतीं. प्रश्नांची वेळ आली तेव्हां मागच्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याच्या हातांत अजून चपातीचा तुकडा होता.

"सर, आमच्या इथला मोटारींचा कारखाना चीनची कंपनी घेणार होती. ती आली नाहीं ती लडाखमुळें, हें खरें का? माझे वडील त्या कारखान्यांत होते."

चमच्यांचा आवाज एकदम थांबला. फ्लॉरेन्सचें टिपण मीं मिटून ठेवलें.

वाचकांपैकीं अनेकांस ही हकीगत ठाऊक नसेल, म्हणून सांगतों. नवलाख उंबऱ्याच्या शिवारांत जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीचा कारखाना २००८ सालीं सुरू झाला. २०१७ च्या अखेरीस कंपनीनें भारतांत आपल्या मोटारी विकणें थांबविलें. पुढें येथें केवळ परदेशीं पाठविण्यासाठीं गाड्या बनत, आणि डिसेंबर २०२० मध्यें तेंही काम थांबलें. त्यापूर्वींच, २०२० च्या जानेवारींत, ग्रेट वॉल या चिनी कंपनीनें कारखाना विकत घेण्याचा करार केला होता. एप्रिलांत भारत सरकारनें असा नियम केला कीं, ज्या देशांची सरहद्द आपल्या सरहद्दीस भिडते तेथील भांडवलास आधीं सरकारची परवानगी पाहिजे. जूनमध्यें गलवान खोऱ्यांत आपले वीस सैनिक धारातीर्थीं पडले. परवानगी कांहीं आली नाहीं. २०२२ च्या मध्यास मुदत संपून तो करार बारगळला. ऑगस्ट २०२३ मध्यें कोरियाच्या ह्युंदाई कंपनीनें कारखाना घेण्याचा करार केला. मधल्या काळांत जुन्या कामगारांचा वाद न्यायालयापर्यंत गेला.

हें सारें मीं जमेल तसें सांगितलें. लडाख हें एक कारण खरें. परंतु अमेरिकन कंपनीनें येथून पाय काढण्याचें ठरविलें होतें तें त्याच्या फार आधीं, आणि त्याचीं कारणें तिच्या स्वतःच्या हिशेबवहींत होतीं, हेंही सांगितलें. मुलगा म्हणाला, "म्हणजे बाबांचें काम आधीं अमेरिकेंत गेलें, मग चीनच्या सरहद्दीवर अडकलें." हें वाक्य मला सुचलें नसतें. यंत्राचा प्रत्येक भाग ज्यांना पाठ येतो, त्या मुलांना तें यंत्र कोण, कोठून आणि कां हलवितो, हें सांगण्यास त्यांच्या वेळापत्रकांत एकही तास नाहीं!

परत येतांना तळेगांवच्या स्थानकावर गाडीची वाट पाहात बसलों असतां प्रो. विष्णु गोविंद विजापूरकरांची आठवण झाली. कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत शिकविणाऱ्या या गृहस्थानें १९०६ सालीं काढलेल्या मासिकाचें नांवच मुळीं 'विश्ववृत्त' होतें. त्यांचें समर्थ विद्यालय कोल्हापुराकडून पुढें या तळेगांवीं आलें. मराठींतून शिक्षण, आणि पुस्तकाबरोबर हातास उद्योग, ही त्या विद्यालयाची दृष्टि. त्याच सुमारास, १९०८ मध्यें, पैसाफंडाचा कांच कारखाना याच गांवीं उभा राहिला. म्हणजे शाळा, कारखाना आणि जगाची वार्ता यांची सांगड मावळास नवी नव्हे. पण काळ कठीण होता. 'विश्ववृत्तां'त पं. सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरील लेख छापल्याबद्दल संपादक विजापूरकरांस आणि त्यांचे सहकारी वामन मल्हार जोशी यांस तुरुंगवास घडला. हेच वामनराव पुढें 'रागिणी'चे कर्ते म्हणून आपल्या घराघरांत पोंचले. विद्यालय सरकारनें १९१० सालीं बंद पाडलें.

ही हकीगत घरीं सांगतांना आमच्या एका स्नेह्यांनीं शंका काढली: "हें सारें ठीक, परंतु कॉलेजांत राजकारण शिरूं लागलें तर आईबापांनीं काय करावें?" शंका अगदींच पोकळ नाहीं. एका पक्षाचा मनुष्य जेवणाच्या सुटींत येऊन आपलाच ढोल बडवूं लागला, तर तें मुलांच्या डब्यांत खडे टाकण्यासारखेंच होय. मीं पाहिलेल्या महाविद्यालयांत यावर साधा उपाय योजिला आहे. विषय मुलें ठरवितात, वक्ता प्राध्यापक शोधतात, आणि प्रश्नांचा वेळ कोणासही कापूं देत नाहींत. हार नाहीं, आभार नाहीं, अध्यक्षही नाहीं. (या शेवटच्या गोष्टीचें अनुकरण पुण्यानें अवश्य करावें.) ज्याला बारीक प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागतात, त्याला ढोल बडविण्यास सवड उरत नाहीं. राजकारण त्या मुलाच्या घरांत तर केव्हांच शिरलें होतें; त्याची उकल करणारें कोणी तेवढें नव्हतें.

गेल्या आठवड्यांत तेथील प्राध्यापिकाबाईंचें पत्र आलें. या खेपेस विषय मुलींनीं निवडला आहे. जुलै २०२३ मध्यें सरकारनें साध्या पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि सप्टेंबर २०२४ मध्यें ती बंदी उठविली. त्या वेळीं ज्या देशांत आपला तांदूळ जात असे, तेथील गृहिणींनीं काय शिजविलें, आणि आमच्या खाचरांतल्या इंद्रायणीच्या भावाचा या बंदीशीं कितपत संबंध होता, असा त्यांचा दुहेरी प्रश्न आहे. पैकीं पहिल्या भागासाठीं मीं पश्चिम आफ्रिकेविषयीं दोन पुस्तकें मागवून घेतलीं आहेत; दुसऱ्यासाठीं धान्याच्या आडतीवरील एका जुन्या परिचितांस बरोबर येण्याची गळ घातली आहे. ते म्हणतात, "मला भाषण येत नाहीं." मीं त्यांस कळविलें कीं भाषण नकोच, भाव कसा ठरतो तेवढें सांगा.

गुरुवारीं जावयाचें आहे. येतांना आपापला डबा आणावा, असें मुलींनीं बजावलें आहे.