वस्तऱ्याची अखेरची शिळा

वस्तऱ्याच्या धारेवर शेवटचा हात फिरविण्यासाठी दगड कोणता निवडावा, हा प्रश्न विद्यापीठाच्या पत्रिकेत काहीसा अस्थानी वाटण्याचा संभव आहे. परंतु कारागिरांच्या शब्दांचा अभ्यास करणाऱ्यास त्या शब्दांमागील क्रिया नीट कळल्यावाचून गत्यंतर नसते. आणि प्रस्तुत क्रिया तर आपल्या डोळ्यांदेखत लुप्त होत आहे. वर्धा जिल्ह्यात, किंबहुना सर्वत्रच, बहुतेक केशकर्तनालयांत आता दर गिऱ्हाइकागणिक नवे पाते बसविण्याचा वस्तरा रूढ झाला आहे. रोगसंसर्ग टाळण्याच्या दृष्टीने हे उचितच होय. तथापि त्यामुळे न्हाव्याच्या धोकटीतून निसणा गेला, आणि निसण्यामागोमाग निसण्याचे शब्दही जाणार.

या विषयाचे अत्यंत नेमके असे जुने विवेचन क्षौरकर्माच्या नव्हे, तर शल्यकर्माच्या ग्रंथात आढळते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील आठव्या अध्यायात शस्त्राच्या सिद्धतेच्या तीन वेगवेगळ्या क्रिया सांगितल्या आहेत. पहिली 'पायना', म्हणजे तापलेले शस्त्र क्षार, पाणी किंवा तेल यांत बुडविणे. दुसरी 'निशान', तीसाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा सांगितली आहे. तिसरी 'धारासंस्थापन', तीसाठी शाल्मलीची, म्हणजे आपल्या काटेसावरीची, फळी. शस्त्राने केस कापला जाऊ लागला की ते वापरास योग्य समजावे, अशी कसोटीही तेथे दिलेली आहे. 'पायना' म्हणजे शब्दशः 'पाजणे'. मराठी लोहार आजही लोखंडास 'पाणी देतो'. 'निसणे' हे 'निशान'चेच वंशज असून कठोपनिषदात क्षुराच्या धारेस लावलेले 'निशिता' हे विशेषण त्याच धातूपासून आले आहे. मात्र 'संस्थापन' या शब्दास मराठीत वारस उरलेला दिसत नाही. 'धार लावणे' या एकाच सैल प्रयोगात आपण दुसरी आणि तिसरी क्रिया कोंबून टाकली, आणि दगडाच्या निवडीतील बराचसा घोटाळा तेथूनच सुरू होतो असे मला वाटते.

कारण, गिऱ्हाईक विचारते ते हे, की कोणता दगड लवकर धार लावतो? अखेरच्या शिळेविषयी हा प्रश्नच गैरलागू आहे. धार तोपर्यंत लागलेली असावयास हवी. पात्याच्या दोन्ही बाजू एका रेषेत मिळविणे हे आधीच्या, भरड दगडाचे काम. शेवटच्या दगडाने पोलाद जवळजवळ काढावयाचेच नसते. आधीच्या दगडाने पाडलेले ओरखडे तेवढे पुसून धार स्थिर करावयाची असते. म्हणजे हा दगड निशान आणि संस्थापन यांच्या उंबरठ्यावर उभा आहे. तो किती काम करतो यापेक्षा किती कमी इजा करतो, यावर त्याची पारख करावी.

इजा कशाने होते? प्रथमदर्शनी उत्तर असे, की कणाच्या आकारमानाने. कारखान्यात तयार होणाऱ्या दगडांवर क्रमांक असतात. १,००० क्रमांकाच्या जपानी दगडातील कण सुमारे १२ ते १५ मायक्रॉनचा, तर ८,००० क्रमांकाच्या दगडातील कण १ ते २ मायक्रॉनचा असतो. दाढीच्या वस्तऱ्यास अखेरचा दगड ८,००० क्रमांकाचा वा त्याहून बारीक असावा, हा व्यवहारातील नियम बरोबर आहे. परंतु नैसर्गिक दगडांच्या बाबतीत तो अपुरा पडतो. बेल्जममधील आर्देन प्रदेशातून निघणाऱ्या 'कोटिक्युल' या पिवळसर दगडात तामड्याच्या जातीचे कण असतात आणि ते ५ मायक्रॉनहून मोठेही आढळतात. तरीही त्याची धार मऊ म्हणून नावाजलेली आहे, कारण ते कण अणकुचीदार नसून बहुपैलू, जवळजवळ गोलसर असतात. पोलादात ते खोल रुतत नाहीत. अमेरिकेतील आर्कान्सा संस्थानात सापडणारा 'नोव्हॅक्युलाइट' हा याच्या उलट स्वभावाचा: जवळजवळ शुद्ध, अतिसूक्ष्म स्फटिकांची गार. त्याच्या नावात लॅटिन 'नोव्हाक्युला', म्हणजे वस्तरा, हा शब्द आहे. आणि त्या शब्दाचा संबंध संस्कृत 'क्ष्णु' (पाजविणे) या धातूशी जोडला जातो. ग्रीकांचे 'झुरॉन' तर आपल्या 'क्षुरा'चे सख्खे भावंड. गंमत अशी, की एवढी पुरातन वंशावळ घरात असताना आपण वापरतो तो 'वस्तरा' हा शब्द फारसीतून आलेला आहे.

ज्या वर्ध्यात १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने आपले ठाणे मांडले, तेथे असा प्रश्न उठणे स्वाभाविक आहे, की हा दगड गावचाच का नसावा? जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. पाट्या-वरवंट्यास तो उत्तम. पण त्यातील निरनिराळ्या खनिजांचे कण सारख्या कठीणपणाचे नसतात, शिवाय त्यात पोकळ्या असतात. एकजिनसीपणा हा अखेरच्या शिळेचा पहिला गुण, आणि तोच येथे नाही. गिरडच्या टेकडीवरील गोटे प्रसिद्ध आहेत. शेख फरीदांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, अशी त्यांची दंतकथा. जुन्या गॅझेटियरात त्यांस झिओलाइटी म्हटले आहे, आणि झिओलाइट पोलादाहून मऊ असल्यामुळे त्यांचा येथे उपयोग नाही. काळ्या पाषाणाच्या मुलखातील नदीपात्रांत मिळणारा अकीक मात्र विचारार्ह आहे. त्याचा कण विलक्षण सूक्ष्म आणि एकजिनसी असतो. तो कापत नाही, घोटतो. अडचण एवढीच, की त्याचा चांगला सपाट तुकडा करून घेणे हेच मोठे जिकिरीचे काम.

बाजारात 'कुरुंदाचा दगड' म्हणून मिळणारी दुपाखी वडी विळा-सुरीसाठी ठीक. वस्तऱ्याच्या अखेरीस ती चालणार नाही. ती पुष्कळदा कुरुंदाची नसतेही. १८९१ च्या सुमारास अ‍ॅचेसन याने भट्टीत तयार केलेल्या पदार्थात कुरुंदाचा अंश आहे अशा समजुतीने त्यास 'कार्बोरंडम' असे नाव दिले; वास्तविक तो सिलिकॉन आणि कार्बन यांचा संयोग. द्राविडी भाषांतून इंग्रजीत गेलेला आपला कुरुंद असा चुकीच्या पदार्थावर स्वार होऊन घरी परतला.

निवडताना दगड प्रथम ओला करून त्यावरून नख फिरवावे. एखादा भरड कण वा शीर नखास अडकली तर तो दगड सोडून द्यावा, मग त्याचा रंग कितीही मोहक असो. पृष्ठावर पेन्सिलीच्या रेघा ओढून तो सपाट काचेवर बारीक पॉलिशकागद ठेवून घासावा. रेघा सर्वत्र सारख्या पुसल्या गेल्या तर दगड सपाट. नंतर वस्तऱ्याची पाठ आणि धार एकाच वेळी टेकवून, वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाहून फारसा अधिक दाब न देता, हात फिरवावेत आणि भिंगातून पाहावे. आधीचे ओरखडे पुसले जाऊन त्यांच्या जागी नवे, खोल ओरखडे उमटले नसतील तर दगड पसंत करावा. सच्छिद्र दगडावर एकदा तेल वापरले की पुन्हा पाणी नीट चालत नाही, हे आधीच ठरवून घ्यावे.

शिळेवर धार पुढे चालते, पट्ट्यावर किंवा तळहातावर पाठ पुढे चालते. हातांच्या या दोन उलट गतींसाठी वृद्ध कारागिरांच्या तोंडी दोन स्वतंत्र क्रियापदे आहेत काय, हे बोलींचे शब्द गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आवर्जून विचारावे. आणि विचारताना वस्तरा त्यांच्या हाती द्यावा, कारण पुष्कळदा शब्द हाताबरोबरच आठवतो.