अर्धा व्होल्ट गेला कुठे?

12 व्होल्टच्या एसी पुरवठ्याला एक मेगाओहमचे दोन रोधक एकसर जोडले, तर प्रत्येकावर किती विद्युतदाब मिळेल? गणित सोपे आहे. दोन्ही रोध सारखे, म्हणून निम्मा-निम्मा, 6 व्होल्ट. प्रत्यक्षात डिजिटल मल्टिमीटर मात्र दोन्ही ठिकाणी 5.7 दाखवतो. बेरीज भरते 11.4. पुरवठा तर पूर्ण 12 व्होल्टचाच आहे. मग उरलेला अर्धा व्होल्ट गेला कुठे?

अशा वेळी प्रयोगवहीत 6 लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. पण उत्तर त्या फरकातच दडलेले असते.

पहिला संशय एसीवर येतो. मंडलात कॉइल किंवा कपॅसिटर असेल, तर मीटरवरच्या आकड्यांची सरळ बेरीज जुळत नाही, कारण सगळे दाब एकाच क्षणी शिखर गाठत नाहीत. निव्वळ रोधकांवर मात्र ते बरोबरीने चढतात-उतरतात. किर्चहॉफ यांनी 1845 मध्ये मांडलेल्या नियमानुसार इथे बेरीज जुळायलाच हवी.

दुसरा संशय रोधकांवर. सोनेरी पट्ट्याच्या रोधकात पाच टक्के कमी-जास्त चालते. पण त्यामुळे एकावर दाब घटला, तर दुसऱ्यावर तेवढाच वाढेल. बेरीज 12 च राहील.

खरा भागीदार असतो तो मीटर. अनेक डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध सुमारे 10 मेगाओहम असतो. तो समांतर जोडला की एक मेगाओहमचा रोध 0.91 इतका उरतो आणि त्याच्या वाट्याचा दाबही घटतो. मीटर काढला की पुन्हा 6 व्होल्ट! एक किलोओहमचे रोधक वापरले, तर हा फरक जाणवतही नाही.

हीच गोष्ट ईसीजी काढताना महत्त्वाची ठरते. हृदयाचा विद्युतसंकेत त्वचेवर जेमतेम एक मिलिव्होल्टचा असतो. त्वचा व इलेक्ट्रोड यांच्यातला रोध यंत्राच्या अंतर्गत रोधाशी एकसर येतो. तो वाढला, तर संकेताचा काही भाग तिथेच खर्ची पडतो आणि आलेख बिघडू शकतो. म्हणून त्वचा स्वच्छ करून जेल लावतात आणि यंत्राचा अंतर्गत रोध मुद्दाम खूप मोठा ठेवतात.

प्रयोगवहीत म्हणूनच 5.7 च लिहावे आणि शेजारी मीटरचा अंतर्गत रोधही नोंदवावा. 6 लिहिले, तर मीटरने केलेला फरक कधीच कळणार नाही.