बटांचा ताळेबंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने केशभूषेवर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. पण स्नेहसंमेलन जवळ आले की मुलींच्या घोळक्यात जमाखर्चापेक्षा केसांचीच चर्चा अधिक चालते. एरवी सरळ असलेले केस तेवढ्या दिवसापुरते सैल कुरळे व्हावेत, खांद्यावर चार बटा रुळाव्यात, एवढीच हौस. पार्लरचा खर्च नको म्हणून कोणाचा तरी कर्लर मागून आणायचा आणि घाईघाईने केस गुंडाळायचे. तासाभरात बटा उतरतात, करपट वास मात्र मागे राहतो. हे का होते व कसे टाळावे, ते थोडक्यात सांगते.

केस केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या साखळ्या दोन प्रकारच्या बंधांनी बांधलेल्या असतात. गंधकाचे बंध पक्के. पार्लरमध्ये कायमचे कुरळे करताना रसायनांनी तेच मोडतात. हायड्रोजनचे बंध कच्चे. ते पाण्याने किंवा उष्णतेने सुटतात आणि केस वाळला वा गार झाला की नव्या आकारात पुन्हा जुळतात. भाजलेला पापड गरम असतानाच गुंडाळला तर गुंडाळी तशीच राहते. गार झाल्यावर गुंडाळू गेलो तर तुकडे होतात. केसांचेही तसेच. आकार उष्णतेने येतो, पण टिकतो तो गार होताना. बट गार होण्याआधीच कंगवा फिरवला की सगळी मेहनत वाया!

आता कृती. केस आदल्या दिवशी धुऊन पूर्ण वाळवावेत. ओल्या केसांना तापलेली नळी लावली की आतल्या पाण्याची वाफ होऊन केसाच्या गाभ्यात बुडबुडे होतात आणि पुढे केस तिथेच तुटतो. तेल लावलेल्या केसांवरही कर्लर चालवू नये. सैल बटांसाठी साधारण 32 मिलिमीटर जाडीची नळी बरी. बारीक नळीने घट्ट वळ्या पडतात. पातळ केसांना 150 अंश सेल्सिअस पुरे, दाट केसांना 180. त्यापुढे जाऊ नये.

केसांचे चार भाग करून मानेकडच्या भागापासून सुरुवात करावी. इंचभर रुंदीची बट घेऊन, मुळाकडचे तीन-चार इंच सोडून, चेहऱ्यापासून दूर जाईल अशी नळीवर गुंडाळावी. टोक थोडे बाहेर ठेवावे. आठ-दहा सेकंदांनी नळी अलगद काढून घ्यावी आणि बट हात न लावता गार होऊ द्यावी. सगळ्या बटा गार झाल्यावर नुसत्या बोटांनी मोकळ्या कराव्यात. चुकून चटका बसलाच तर टूथपेस्ट किंवा बर्फ न लावता वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली हात धरावा.

ही कला जुनी आहे. 1872 च्या सुमारास पॅरिसमध्ये मार्सेल ग्रातो या केशकाराने तापवलेल्या चिमट्याने लाटांसारखी वळणे पाडून नाव कमावले. त्या काळी चिमटा आधी कागदावर लावून बघत. कागद तांबूस झाला की तो अजून फार तापलेला आहे, असे समजत.

आमच्या उचगावात मात्र एक अडचण आहे, ती म्हणजे पाऊस. जून ते सप्टेंबर हवेतच इतका ओलावा असतो की कच्चे बंध पुन्हा सुटतात. घरून निघताना कुरळे असलेले केस बसने बेळगावात पोहोचेपर्यंत सरळ होतात! त्या दिवसांत वेणी हीच खरी शहाणी.

शेवटी हिशेब. 50 वॅटचा कर्लर अर्धा तास चालला तर विजेचे एक युनिटही नाही, त्याचा चाळिसावा भाग खर्च होतो. समजा, 1500 रुपयांचा कर्लर पाच वर्षे टिकला आणि वर्षातून चारदा वापरला, तर एका वेळेचे 75 रुपये पडले. पण खरा खर्च केसांच्या घसाऱ्याचा. डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो. तो स्वतःला दुरुस्त करू शकत नाही. केस महिन्याला सुमारे 1 सेंटिमीटर वाढतो. म्हणजे 36 सेंटिमीटरची वेणी ही 3 वर्षांची ठेव आहे. व्याजाची हौस करताना मुद्दल जाळू नये.

आणि ज्यांना काहीच खर्च नको, त्यांनी किंचित ओलसर केस रात्री सुती चिंध्यांवर गुंडाळून झोपावे. सकाळी केस पूर्ण वाळल्यावर सोडले की तेच कच्चे बंध, त्याच बटा. आपण ‘कुरळे केस’ म्हणतो, कन्नड विभागातल्या मैत्रिणी ‘गुंगुरु कूदलु’ म्हणतात. शास्त्र दोघींना एकच. आणि ज्यांना ते जन्मतःच लाभले आहेत, त्यांनी आमच्याकडे पाहून ते सरळ करण्याच्या नादी लागू नये, ही आग्रहाची विनंती!