पाच अपघात किंवा दहा मृत्यू

बीड जिल्ह्यातल्या गेवराईवरून जाणारा सोलापूर–धुळे महामार्ग आधी 211 क्रमांकाचा होता, आता 52 आहे. दुपदरी होता तोवर त्याचा धोका सगळ्यांना ठाऊक होता: ओव्हरटेकच्या नादात समोरासमोर धडक. कोणता तुकडा आधी सुधारायचा याला मात्र धड मोजमाप नव्हतं. ज्या गावाचा रास्ता रोको मोठा, त्याचं काम आधी.

2015 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राष्ट्रीय महामार्गांसाठी व्याख्या ठरवली. सुमारे पाचशे मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत जीवघेणे किंवा गंभीर इजेचे पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू झाले की तो 'ब्लॅक स्पॉट'. आंदोलनापेक्षा आकडा केव्हाही बरा. पण पंचनाम्यात 'अमुक गावच्या शिवारात' एवढंच लिहिलेलं असेल, तर पाचशे मीटर मोजायचे कुठून? 2021 पासून 'आयरॅड' प्रणाली आली, पोलीस अपघाताची जागा मोबाईलवर नोंदवू लागले. सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता.

दरम्यान रस्ता चौपदरी झाला. समोरासमोरच्या धडकेला दुभाजकाने आवर घातला, पण धोका गेला नाही. त्याने जागा बदलली. दुभाजकातली फट, पुलाचं टोक, लांबचा वळसा टाळायला उलट्या बाजूने आलेली दुचाकी. याच रस्त्यावरच्या गढीला तर कल्याण–नांदेडचा 61 क्रमांकाचा महामार्गही येऊन मिळतो आणि साखर कारखानाही तिथेच. गाळप सुरू झालं की मागे दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारात त्याच रस्त्यावर.

मे 2025 मध्ये याच गढीच्या पुलाजवळ रात्री एक गाडी दुभाजकाला धडकली. आतले बचावले. गाडी काढायला रस्त्यावर उतरलेल्यांना ट्रकने चिरडलं. सहा जण गेले. आता हिशोब करा. 2015 च्या व्याख्येत हा एक अपघात आणि सहा मृत्यू. केवळ त्या रात्रीच्या जोरावर ती जागा ब्लॅक स्पॉट ठरत नाही!

ज्या जिल्ह्याने 2014 मध्ये गोपीनाथ मुंडे आणि 2022 मध्ये विनायक मेटे हे नेते रस्ते अपघातातच गमावले, त्याला हे गणित पचायला जड जावं.

'आयरॅप' ही आंतरराष्ट्रीय पद्धत उलट्या टोकाकडून सुरू होते. दर शंभर मीटरवर रस्त्याची पाहणी: कडेला काय आहे, चौक कसा आहे, पायी माणूस कुठून ओलांडतो. त्यावरून एक ते पाच तारे. त्यासाठी कुणाला मरावं लागत नाही. माझ्या मते ग्रामीण महामार्गांचा प्राधान्यक्रम याच पाहणीवर ठरायला हवा. मृत्यूंचा आकडा पडताळणीपुरता ठेवावा.

ग्रामपंचायतींनी मात्र तारे मिळण्याची वाट पाहू नये. आपल्या हद्दीतल्या दुभाजकाच्या फटी, बंद दिवे, सर्व्हिस रोड नसलेली ठिकाणं किलोमीटरच्या दगडासह लिहून जिल्हाधिकाऱ्यांच्या रस्ता सुरक्षा समितीकडे द्यावीत, तीही गाळप सुरू होण्याआधी.