उंदरांचे खाद्य आणि मधुमेहाचे कोडे

यवतमाळ जिल्ह्यात कापसाच्या जोडीने सोयाबीन पिकते. तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत भरपूर प्रथिने असतात. म्हणून कोंबड्यांप्रमाणे प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या नेहमीच्या खाद्यातही सोयाबीनची पेंड घालतात. उंदीर पोसायला हे खाद्य उत्तम. पण मधुमेहाच्या प्रयोगात तेच अडचणीचे ठरू शकते. का बरे?

समजा, जास्त चरबी खाल्ल्याने मधुमेह जडतो का, हे तपासायचे आहे. एका गटाला चरबीयुक्त आहार दिला, दुसऱ्याला पेंडीचे खाद्य. पहिल्या गटात बिघाड दिसला. दोष चरबीचाच म्हणायचा का? सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखी वागणारी द्रव्ये असतात. त्यांचे प्रमाण पिकागणिक बदलते आणि वजनावर त्यांचाही परिणाम होऊ शकतो. दोन्ही खाद्यांतला चोथाही वेगळा. वर्गात विचारून पाहा : एका कुंडीला पाणीही जास्त दिले आणि खतही, रोप वाढले ते कशामुळे?

यावर उपाय म्हणजे मोजून-मापून केलेला आहार. त्यात दुधातले केसीन हे प्रथिन, मक्याचे स्टार्च, साखर, तेल किंवा चरबी, सेल्युलोज, क्षार आणि जीवनसत्त्वे असतात. नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका जोडीत एका आहारातली १० टक्के ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून मिळते, दुसऱ्यातली ६० टक्के. प्रथिने दोन्हींत सारखी. बेरीज शंभरच असल्याने चरबी वाढली की पिष्टमय भाग घटतो, हे मात्र टळत नाही. चरबीयुक्त आहारावर उंदीर लठ्ठ होतात आणि त्यांच्यात इन्सुलिन-रोध येतो. म्हणजे इन्सुलिन असते, पण पेशी त्याला दाद देत नाहीत.

पण आपल्याकडे मधुमेह सडपातळ माणसांनाही गाठतो. डॉ. आनंदवर्धन हर्डीकर, पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २०१५ साली याच्याशी जुळणारा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातल्या उंदरांना ५० पिढ्या अपुरा आहार मिळाला होता. त्यांची पिल्ले जन्मतः कमी वजनाची होती. तरी पुढे पोटात चरबी जास्त, शरीरात इन्सुलिन-रोध आणि ब-१२ जीवनसत्त्व कमी! इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना इजा करणारे रसायन दिल्यावर मधुमेह होण्याचा धोका त्यांच्यात आठपट दिसला. पुढे दोन पिढ्या नेहमीचा आहार देऊनही हे दोष गेले नाहीत.

उंदरावरून माणसाबद्दल थेट निष्कर्ष काढता येत नाही. तरीही शाळेत पोषण आहार घेणाऱ्या मुलाच्या प्रकृतीचा विचार करताना त्याच्या आईला, आजीला काय खायला मिळाले होते, हेही विचारावे लागेल.