तटाला एकच वाट

कौसानीहून उत्तरेला पाहिलं की नंदादेवीची दोन जोडशिखरं दिसतात. मुख्य शिखर ७,८१६ मीटर, पूर्वेकडचं ७,४३४. पण उंचीपेक्षा मला थक्क करते ती या पर्वताची बसण्याची जागा. गडकोट पायाखाली घातलेल्या वाचकाला ती लगेच उमगेल: मधोमध बालेकिल्ला आणि चहूबाजूंनी तट. हा तट सुमारे ११० किलोमीटरचा आहे. त्रिशूळ, दुनागिरी, चांगबंग हे त्याचे बुरूज, आणि त्याची धार ५,००० मीटरच्या खाली कुठेच उतरत नाही.

अपवाद फक्त पश्चिमेचा. तिथे ऋषिगंगेने तट चिरला आहे.

आतल्या हिमनद्यांचं सगळं पाणी याच एका घळीतून बाहेर पडतं. हिमालय वर उचलला जात होता तेव्हा नदीही थांबली नव्हती. खडक चढत गेला, पाणी कापत गेलं. म्हणून घळीच्या भिंती इतक्या ताठ आहेत की बहुतेक ठिकाणी काठ असा उरलाच नाही. चालायचं तर पाण्याच्या कितीतरी वर, निसरड्या कड्यांवरून. १८८३पासून धाडसी माणसं इथे येऊन परत फिरत होती. अखेर १९३४ साली एरिक शिप्टन आणि बिल टिलमन तीन शेर्पांसह या घळीतून आत पोचले. एवढी घळ ओलांडल्यावर समोर काय यावं? हिरवी कुरणं, रानफुलं आणि निवांत चरणारे भरल या रानमेंढ्यांचे कळप! दोनच वर्षांनी टिलमन आणि नोएल ओडेल यांनी माथा गाठला.

पुढे मोहिमा वाढल्या, तसा कचरा वाढला आणि सरपणासाठी झाडं तुटू लागली. १९८३ साली हा आतला प्रदेश माणसांसाठी बंद झाला. बरंच झालं, असं मला मनापासून वाटतं.

गढवाल-कुमाऊंसाठी या पर्वताची देवी नंदा ही लेक आहे. साधारण बारा वर्षांनी राजजात यात्रा निघते ती तिच्या सासरच्या पाठवणीची. आपल्याकडच्या गौरीसारखीच तिचीही ओटी भरलेली. ही यात्राही तटाच्या आत शिरत नाही. त्रिशूळच्या पायथ्याजवळ होमकुंडाशी माणसं थांबतात. तिथून चारशिंगी मेंढा, पाठीवर नंदेची भेट बांधून, एकटाच बर्फाच्या दिशेने सोडून देतात.